समासात

शिक्का करायला टाकला तेव्हा
परभणीच्या रबरवाल्यानं विचारलं होतं,
'उप' बारीक घेऊ का, जागा पुरंना.
मी म्हणलं, घे.
सहा वर्षांत तेच आधी झिजलं.
घाईत दाबला तर आता नुसतं 'निबंधक' उमटतं,
मग जांभळ्या शाईच्या डाव्या अंगाला
मी पेनानं माझं 'उप' पुन्हा लिहून घेतो.
शाळेत त्याला उपसर्ग म्हणायचे.
बायको अजून म्हणते, जरा वेगळ्या अर्थानं.

मला काय काय करता येतं त्याचा आदेश आहे,
दीड पानी, टेबलाच्या काचेखाली.
'श'चा 'ष' करता येतो.
कुणाच्या नावातला काना पडला असंल
तर धरून उभा करता येतो.
चूक मात्र खोडता येत नाही.
ती तशीच राहू द्यायची, तिच्या शेजारी समासात
खरं काय ते लिहायचं, सही, तारीख.
जिंतूरच्या वह्यांचे समास मी असे
गिचमिड करून ठेवलेत.
वर्ष उलटून गेलेले जन्म माझ्या हातात नाहीत,
ते वरच्या साहेबांचे.
निजामाच्या वेळचे तर वाचताही येत नाहीत,
आजूर, दै, बहमन, साल फसली.
त्यासाठी कादरी मास्तर येतात, चष्मा पुसतात,
बिनसाखरेचा चहा घेतात
आणि सत्तरी उलटलेला माणूस
आमच्यादेखत जन्माला येतो.

मंगळवारी लाईट गेली होती.
अयोध्या देवकते. हातात दवाखान्याचा कागद,
चार घड्यांचा, घामानं मऊ झालेला.
नमुना तीन. मृतजन्म.
'नाव टाका,' म्हणली.
बाई, नमुना तीनला नावाचा रकाना नसतो.
'रडलं व्हतं की.'

मी काचेखाली पाहिलं.
दीड पानात रडण्याचा उल्लेख नाही.
रडलं असंल तर कागद एक नाही, दोन लागतात,
एक आल्याचा, एक गेल्याचा,
दोन्हींवर माझी सही चालते.
नसंल रडलं तर हा एकच, तो पूर्ण आहे.
ही लेखनातली चूक म्हणावी का?
एवढ्या मोठ्या चुकीला
समास पुरतो का?

किती वेळ, मी विचारलं.
'येकदाच. बारीक.'
कुणी ऐकलं?
'म्या. अन् त्या शिस्टरबाईनं.
तिनं घड्याळाकडं पाह्यलं.'
नवरा दारात उभा होता, चप्पल काढून,
जसं काही इथं देव ठेवलाय.
तो काहीच बोलला नाही.
म्हणला फक्त, 'चल, यष्टी जाईल.'

त्यांची यष्टी गेली असणार.
मी आदेशाची काच उचलली, सहा वर्षांत पहिल्यांदा,
खालून दोन वाळलेल्या मुंग्या निघाल्या
आणि दुसऱ्या पानावरची, शिक्क्यानं अर्धी झाकलेली ओळ:
जन्म किंवा मृत्यूबाबत कोणासही
माहिती विचारण्याचा अधिकार.
विचारण्याचा. माझ्याकडं हा होता तर.
काना-मात्रा उभ्या करण्यात
मी तो वापरलाच नव्हता कधी.

लाईट आली. टाईप केलं, प्रति अधिपरिचारिका,
प्रसूती कक्ष, उपजिल्हा रुग्णालय.
विषय काय लिहावा सुचेना, मोकळा सोडला.
'उपरोक्त दिनांकास पहाटेच्या सुमारास
आपण घड्याळाकडे का पाहिले,
आणि त्यात किती वाजले होते,
ते या कार्यालयास लेखी कळवावे.'
शिक्का मारला. आठवणीनं आधी 'उप' लिहिलं,
नाहीतर तेवढ्यावरूनच परत पाठवतील.

जावक क्रमांक पडून आज नऊ दिवस झाले.
नाव काय ठेवायचं होतं ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
नावाला वर्षभर मुदत असते.